प्रमाणपत्रावर नाव नसलेला गुरू : परभणीच्या शिवारातील कार्यानुभव-शिक्षणाचा इतिहास

१/
'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी ऐकलेला आहे. भोळेपणाचे सोंग घेऊन आपले काम साधून घेणे, असा त्याचा अर्थ. इतिहासप्रेमींच्या डोळ्यांपुढे लगेच भीमाकाठचे पेडगाव उभे राहते : श्रीगोंदा तालुक्यातील बहादूरगड, मोगलांची छावणी, आणि १६८९ साली कैदेत तेथे आणले गेलेले छत्रपती संभाजी महाराज. आजचा धागा मात्र दुसऱ्या पेडगावापासून सुरू होतो. हे पेडगाव परभणी जिल्ह्यातले, परभणी–मनमाड लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. या नावाभोवती छावण्यांच्या कथा नाहीत. पण या गावाच्या आसपासच्या काळ्या रानात शिक्षणाचा एक मोठा प्रयोग गेली कित्येक वर्षे चालू आहे.

२/
परभणी जिल्ह्यात खरिपाच्या दिवसांत एखाद्या गावच्या पारावर विशीतली मुले-मुली वही घेऊन बसलेली दिसतात. कोणी रांगोळीने गावाचा नकाशा काढतो, कोणी मातीचा नमुना घेतो. वृत्तपत्रे त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणतात. ही मुले सहलीला आलेली नसतात. गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करणे हाच त्यांच्या पदवीच्या अभ्यासक्रमाचा भाग असतो. पदवीचा काही भाग वर्गाबाहेर, प्रत्यक्ष कामात पुरा करावा, ही कल्पना आली कोठून? आणि वर्गाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्याला शिकवतो कोण? या दोन प्रश्नांचा हा इतिहास आहे.

३/
आरंभी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली उमेदवारी : कारागिराच्या हाताखाली राहून कसब शिकणे, येथे शाळा नसते. दुसरी 'कमवा आणि शिका' : शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी श्रम करणे, येथे श्रम हे शुल्क असते. तिसरी कार्यानुभव-शिक्षण : येथे काम हाच अभ्यासक्रम असतो, त्याला गुण असतात आणि त्यावर शिक्षकाची देखरेख असते. महाराष्ट्राच्या इतिहासात या तिन्ही वाटा आहेत आणि त्या ठिकठिकाणी एकमेकींना छेदतात.

४/
पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग व यांत्रिकी शाळा सुरू झाली. आजच्या पुणे अभियांत्रिकीचे हे मूळ. तिचा हेतू सरळ व्यावहारिक होता : सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे बांधून घेण्यासाठी दुय्यम अधिकारी हवे होते. म्हणजे काम आधी होते आणि शाळा त्याच्या मागून आली. याच पुण्यात १८७९ पासून शेतीशिक्षणाचे वर्ग भरू लागले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. मधल्या काळात, १८८३ साली, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला होता.

५/
पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते डॉ. हॅरल्ड मान. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, त्यापूर्वी आसामातल्या चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करीत होते. दख्खनच्या शेतीत सुधारणा करायची, तर आधी एक गाव नीट समजून घ्यावे, असे त्यांनी ठरवले आणि पुण्याजवळचे पिंपळे सौदागर निवडले. सहकाऱ्यांसह त्यांनी तेथली जमीन, पाणी, पिके, कर्ज आणि कुटुंबांची मिळकत यांची बारकाईने पाहणी केली. हा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. एन. व्ही. कानिटकर यांच्यासह केलेला जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास १९२१ साली आला.

६/
मान यांना जे सापडले ते प्रयोगशाळेत कधीच सापडले नसते. पिंपळे सौदागरात १७७१ च्या सुमारास सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते. १९१५ पर्यंत ते सुमारे ७ एकरांवर आले होते. तेही एका ठिकाणी नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. त्यावर कर्जाचा बोजा. अशा शेतकऱ्याला केवळ चांगले बियाणे किंवा खत सुचवून काय साधणार? कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य गावाला शिकवायला निघाला आणि गावाकडून अर्थशास्त्राचा धडा घेऊन परतला. कार्यानुभवाचे खरे मर्म येथेच आहे : रानात गेल्यावर विद्यार्थ्याबरोबर शिक्षकही शिकतो.

७/
दुसरी वाट साताऱ्याची. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. वसतिगृह चालावे म्हणून पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि श्रम करून शिकण्याची रीत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. या वाटेने हजारो गरीब मुलांना शिक्षणाचे दार उघडले. मात्र विद्यार्थी शेतात जे करतो आणि वर्गात जे शिकतो, त्यांची सांगड अभ्यासक्रमातच घालणे, हा प्रश्न यापुढचा होता.

८/
तो प्रश्न साता समुद्रांपलीकडे एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला पडला होता. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू केला. मुलांनी काही दिवस कारखान्यात काम करायचे, काही दिवस वर्गात बसायचे; कारखान्यातला अनुभव वर्गात मांडायचा आणि वर्गातले सूत्र कारखान्यात पडताळायचे. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ साली स्थापनेपासूनच ही पद्धत स्वीकारली. तेथे अभ्यासाचे सत्र आणि कामाचे सत्र आळीपाळीने येऊ लागले.

९/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. या पद्धतीतून एक नवा पेशाच जन्माला आला : समन्वयक. विद्यार्थ्यासाठी योग्य काम शोधणे, मालकाला त्याची शैक्षणिक जबाबदारी समजावणे, कामाच्या जागी जाऊन पाहणे, तक्रार ऐकणे आणि परतलेल्या विद्यार्थ्याकडून अनुभवाचा अर्थ काढून घेणे, ही सगळी त्याची कामे. पुढे या समन्वयकांनी आपले संघ बांधले. कॅनडातला असा राष्ट्रीय संघ १९७३ चा. जागतिक परिषद १९८३ ची. आपसात अनुभव सांगावेत, कामाची मानके ठरवावीत, नव्या समन्वयकाला तयार करावे, यासाठी हे संघ होते. विद्यार्थ्याला नुसते कामाला पाठवले की तो शिकतोच असे नाही. त्याच्यामागे जाणत्या माणसांचा समुदाय उभा असावा लागतो, ही जाणीव त्यामागे होती.

१०/
आता परभणीकडे वळू. मराठवाडा त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. परभणीत १९१८ साली शेती संशोधनाचे मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. कोरडवाहू काळी जमीन, कापूस आणि ज्वारी हा या भागाचा कणा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. परभणीचे कृषी महाविद्यालय १९५६ चे; त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे परभणीत आधी शेत आले, मग महाविद्यालय आले. हा क्रम ध्यानात ठेवा.

११/
देशपातळीवर दुसरा विचार आकार घेत होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली होती. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे पुढे तेथे एका छपराखाली आली. तो नमुना समोर ठेवून १९६० साली पंतनगर येथे भारताचे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात १९६८ साली संपूर्ण राज्यासाठी एक कृषी विद्यापीठ निघाले. मग विभागवार विद्यापीठे झाली. १९६९ साली अकोला, आणि १८ मे १९७२ रोजी दापोली व परभणी.

१२/
परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ जन्मले ते वर्ष कोणते होते? १९७२. त्या वर्षी पाऊस हुकला आणि महाराष्ट्राने विसाव्या शतकातला एक अत्यंत भीषण दुष्काळ पाहिला. शेतकरी खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले. अशा वेळी शेतीचे नवे विद्यापीठ म्हणजे नुसती इमारत नव्हती. रानात उभ्या माणसाला येथून काही मिळते का, याची ती कसोटी होती. त्या वेळी मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचे नाव २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, या विद्यापीठाला देण्यात आले.

१३/
विद्यापीठाने वाणे दिली. शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी १९८० च्या दशकात देशभर पोहोचली. 'परभणी मोती' ज्वारी आली. कापसात नांदेडच्या संशोधन केंद्राचे 'नांदेड ४४' मराठवाड्याच्या घराघरांत परिचित झाले. पण वाण सिद्ध होणे आणि ते योग्य रीतीने शेतात उतरणे यांत अंतर असते. ते ओलांडायला माणसे लागतात. आणि ती माणसे घडवणाऱ्या पदवी-शिक्षणातच एक मोठी उणीव होती : विद्यार्थी पुस्तकातून कीड ओळखत होता, पण पेरणीपासून काढणीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम त्याने शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलेला नव्हता.

१४/
ही उणीव देशभर जाणवत होती. डॉ. एम. एस. रंधावा यांच्या अध्यक्षतेखाली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कृषी विद्यापीठांचा आढावा घेण्यात आला. त्या समितीच्या शिफारशींतून 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' या कल्पनेने आकार घेतला. कल्पना साधी होती : पदवी हाती पडण्यापूर्वी विद्यार्थ्याने गावात राहावे, एका शेतकरी कुटुंबाशी जोडले जावे आणि शेतीतला निर्णय कसा होतो हे पाहावे. पुढे हा कार्यक्रम देशभरच्या कृषी पदवीत रुळला. २५ जुलै २०१५ रोजी पाटणा येथे 'स्टुडंट रेडी' या नावाने त्याचे विस्तारित रूप जाहीर झाले. गावातल्या कार्यानुभवाबरोबर उद्योगातले प्रशिक्षण, प्रात्यक्षिक कौशल्ये आणि प्रकल्प यांचाही त्यात समावेश झाला.

१५/
प्रत्यक्षात हे चालते कसे? चौथ्या वर्षाचे सातवे सत्र खरिपाला धरून येते. विद्यार्थ्यांचे गट पाडून गावे दिली जातात. कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी आणि कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, विस्तार अशा विषयांचे तज्ज्ञ ही महाविद्यालयाची बाजू. गावात सरपंच, सहायक कृषी अधिकारी आणि यजमान शेतकरी. बियाण्याची उगवणक्षमता पाहण्यासाठी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. काही दिवसांनी कोंब मोजायचे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर ठीक, कमी उगवले तर पेरताना बियाणे वाढवायचे. माती परीक्षणासाठी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, ठिकठिकाणची माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे.

१६/
येथपर्यंत शिकवणारा विद्यार्थी असतो. त्यानंतर पारडे फिरते. विद्यार्थी सांगतो, पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. शेतकरी विचारतो, निंबोळ्या वेचायच्या नेमक्या दिवसांत पेरणी तोंडावर येते, तेव्हा मजूर कोठून आणू? विद्यार्थी सांगतो, या वेळी पाणी द्या. शेतकरी सांगतो, वीज रात्री येते. विद्यार्थी सांगतो, अमुक वाण घ्या. शेतकरी सांगतो, दुकानदार उधारीवर देईल तेच घ्यावे लागते. यांतले एकही उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागरात मान यांना जो धडा मिळाला, तोच येथे एकविशीतल्या मुलीला मिळतो. शिकायचे असेल तर खरोखरच थोडे वेड पांघरून पेडगावला जावे : आपल्याला सारे ठाऊक आहे हे विसरून, भोळे प्रश्न विचारीत.

१७/
मग अडते कोठे? अशा उपक्रमांच्या वृत्तपत्रीय बातम्या लक्षपूर्वक वाचून पाहा. त्यांत प्राचार्यांचे नाव असते, समन्वयकांचे असते, विषयतज्ज्ञांचे असते, प्रत्येक विद्यार्थ्याचे असते. आणि शेवटची ओळ बहुधा अशी असते, की या वेळी गावातील शेतकरी मोठ्या संख्येने उपस्थित होते. ज्याच्या बांधावर शिक्षण घडले, तो माणूस गर्दीचा एक भाग होतो. उद्याच्या इतिहासकाराने केवळ या कात्रणांवरून इतिहास लिहिला, तर त्याला वाटेल की विद्यार्थ्यांनी शेतकऱ्यांना शिकवले. उलट दिशेने आलेल्या ज्ञानाचा पुरावाच त्याला मिळणार नाही.

१८/
साधनांतून नाव गळणे हा इतिहासातला फार जुना अन्याय आहे. किल्ला बांधवून घेणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते, पाथरवटाचे राहत नाही. पण कार्यानुभवाच्या बाबतीत हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. शिक्षणाच्या दर्जाचा आहे. शेतकरी गुरू मानला गेला, तर त्याला काय शिकवायचे आहे हे आधी विचारले जाईल, विद्यार्थ्याविषयीचे त्याचे मत मूल्यमापनात धरले जाईल, आणि दरवर्षी नवा गट येऊन तीच प्रश्नावली पुन्हा भरणार नाही. तो केवळ 'उपस्थित' राहिला, तर छायाचित्र, फलक आणि वहीवरची सही एवढ्यावर कार्यानुभव आटोपण्याचा धोका राहतो.

१९/
दुसरा दुवा समन्वयकाचा. श्नायडरांच्या परंपरेत समन्वय हा पूर्णवेळ पेशा झाला, त्याला संघ आणि मानके लाभली. आपल्याकडे हे काम प्राध्यापक अध्यापन, संशोधन आणि परीक्षा सांभाळून करतो. कोणत्या गावात कोणता प्रयोग फसला, कोणत्या शेतकऱ्याकडे मुले खरोखर शिकली, हे त्याला ठाऊक असते; पण त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की ती जाण त्याच्याबरोबर जाते. अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचवणारा जिवंत समुदाय असेल, तरच व्यक्तीची जाण संस्थेची होते. मान यांचा अभ्यास आज शतकानंतरही उपयोगी पडतो, कारण तो लिहून ठेवला गेला आणि दुसऱ्या गावाच्या अभ्यासाने पुढे नेला गेला.

२०/
हा प्रश्न आता कृषीच्या विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदव्यांतही क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. हा धागा वाचणाऱ्यांपैकी अनेकांना लवकरच एखाद्या कार्यालयात, कारखान्यात, संग्रहालयात किंवा ग्रामपंचायतीत जावे लागेल. तेथे तुमच्यामागे कोण उभे असेल? काम देणारा, त्यातून अर्थ काढायला शिकवणारा आणि दोघांना जोडणारा अशी तिन्ही माणसे असतील, तर ते शिक्षण. त्यांतले एकही नसेल, तर ते फुकटचे मनुष्यबळ किंवा कागदावरचे प्रमाणपत्र. गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवाचे हे सार आहे.

२१/
करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. यजमान शेतकऱ्याचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर आणि प्रमाणपत्रावर यावे. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी, म्हणजे पुढच्या वर्षीचा गट तेथून सुरुवात करील. एकाच गावात सलग काही वर्षे जावे. पाऊस, भाव, पीकपद्धती आणि कर्ज यांच्या अशा सलग नोंदी साठत गेल्या, तर एक दिवस पेडगावसारख्या एखाद्या गावाचा पिंपळे सौदागरइतकाच मोलाचा इतिहास तयार होईल. आणि तो इतिहास विद्यार्थ्यांनी लिहिलेला असेल.

२२/
तुमच्यापैकी कोणी कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून गावात राहिला असाल, तर जुनी वही उघडा. ज्यांच्या शेतात तुम्ही माती खणली त्या काकांचे किंवा मावशींचे नाव, गाव, वर्ष आणि त्यांनी शिकवलेली एक गोष्ट तिच्या पहिल्या पानावर लिहा. ते पान त्यांना वाचून दाखवा आणि वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायला द्या. इतिहासाचे साधन असेच तयार होते. आपल्या हातून ते तयार झाले नाही, तर उद्या या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे फक्त उपस्थितांची मोठी संख्या उरेल.